वासुभाऊची पेटी आणि काळी तीन

बातमीदाराच्या वहीचं मागचं पान नेहमी पुढच्या पानाआधी भरतं. पुढच्या पानावर मंत्र्यांचा दौरा, धानखरेदी केंद्रावरची रांग, अर्धवट पडलेला पूल. मागच्या पानावर ते सगळं, जे डेस्कवरचे विद्वान 'यात बातमी काय आहे?' असं म्हणून कापून टाकतात. भंडारा जिल्ह्यात आयुष्य घालवलं, आणि आज पाहतो तर मागच्या पानांचाच गठ्ठा जाड झालाय. त्या गठ्ठ्यातली निम्मी पानं एकाच माणसाची आहेत. अड्याळचे वासुभाऊ.

वासुभाऊ राईस मिल चालवतात. म्हणजे मिल मालकाची, ते ऑपरेटर. त्यांनी चार कादंबऱ्या लिहिल्या आणि गाण्यांच्या चाली किती केल्या याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. मागल्या वर्षी याच माणसाला एका शहाण्या समितीने चोर म्हटलं. कोणत्या गाण्याचा चोर? स्वतःच्याच गाण्याचा! तेव्हा हे मी रागाने लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. पण वासुभाऊंबद्दल कितीही रागाने लिहायला बसलं तरी मध्येच हसू फुटतं, त्याला माझा इलाज नाही.

*

पहिली भेट मिलमध्येच झाली. दिवाळीनंतरचे दिवस होते, नवीन धान यायला लागला होता. विजेच्या लपंडावावर मी बातमी करत होतो आणि कुणीतरी सांगितलं, 'अड्याळच्या मिलवाल्याले विचारा, थो लई वैतागला आहे.'

गेलो. मिल धडधडत होती, सगळीकडे कोंड्याची धूळ, आणि एका उलट्या टोपलीवर वही ठेवून हा माणूस लिहितोय. मी तोंड उघडलं तसा त्याने हात वर केला. थांबा! मी थांबलो. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी मला असं कधी थांबवलं नाही.

पाचच मिनिटांत लाइन गेली. मिल बंद. एकदम शांत. वासुभाऊंनी पेन टोपणात घातलं आणि वही मिटली.

"अहो, आता तर शांत झालं," मी म्हटलं. "आता लिहा ना निवांत!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डेस्कवरच्या माणसाकडे मी पाहतो.

"आता कसा लिहू गा? सा गेला ना!"

मिलचा पट्टा फिरतो तेव्हा जो आवाज निघतो, तो पेटीवरच्या काळी एकला जुळतो. गायकाला तानपुरा तसा वासुभाऊंना तो आवाज. काळी एक हा त्यांचा सा. गाणं तिथूनच, आणि कादंबरीही त्या आवाजातच. ही गोष्ट मी बातमीत लिहिली होती. डेस्कने कापली. छापून आलं : 'भारनियमनामुळे मिलचालक त्रस्त.'

*

पेटीची गोष्ट आता सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

वासुभाऊंची पेटी सिंगल सुराची, म्हणजे एका बटणाला एकच सूर, त्यांच्या वडिलांची. भजन मंडळात ती पेटी आणि पांडूची ढोलकी. पांडू ढोलकी अशी वाजवायचा की माणूस रडता रडता डोलायला लागेल. एकच दोष. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा त्याच्या तोंडात नाही तर हातात, हातात नाही तर मांडीवर. एकदा रंगात येऊन पांडूने थाप मारली, मांडीवरची पुडी उडाली आणि उघड्या पेटीत पडली.

पेटी झटकली, पुसली. बाकी सगळे सूर ठीक. फक्त मधल्या सप्तकातली काळी तीन बोलेना. वासुभाऊंनी पेटी उघडली, तर सुराच्या बारक्या पितळी पट्टीखाली सुपारीचं एक खांड अडकलेलं.

"हटा, मी काढतो," पांडू म्हणाला आणि सेफ्टी पिन घालून उचकलं. सुपारी निघाली. सोबत पितळी पट्टीही निघाली. टक्!

पांडू रडायच्या बेतात. "भाऊ, नागपूरला नेऊन बसवून आणतो मी."

"राहू दे," वासुभाऊ म्हणाले. "रस्त्यात खड्डा पडला तं आपण गाडी बाजूनं काढतो का नाही? तशी काढीन."

आणि काढली. तेव्हापासून त्या पेटीवर ते काळी तीनला वळसा घालूनच चाली बांधतात. नागपूरला जाणं राहून गेलं. मी एकदा विचारलं, आता तरी दुरुस्त करा ना. म्हणाले, "आता केली तं सारी गाणी बुचकळ्यात पडतील, हा कोण नवीन आला मनून!"

*

वासुभाऊंच्या कादंबरीत माणूस आधी चालीतून येतो, नाव त्याला नंतर मिळतं. सरपंच असेल तर सरपंचाची चाल, सासू असेल तर सासूची. ती वाजवायची आणि मग त्या माणसाला बोलायला लावायचं. त्यामुळे घरात कुसुमवहिनींना वही न वाचताच सगळं कळतं.

तिसऱ्या कादंबरीच्या वेळी मी ओसरीवर चहा पीत बसलो होतो. आत पेटी वाजत होती. नायिकेच्या आईची चाल. पण तीन दिवसांपासून ती हळू हळू होत चालली होती. चौथ्या दिवशी, म्हणजे मी बसलो होतो तेव्हा, ती इतकी हळू झाली की स्वयंपाकघरातून वहिनी पोळीचं लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"अजी! मारून राहिले का तिले?"

पेटी थांबली. "हाव. या प्रकरणात."

"काहून? काय केलं तिनं तुमचं? लेकीचं लग्न करून देल्लं, नवऱ्याचं दुखणं काढलं, आता जरा बसून खायचे दिवस आले तं तुमी तिले मारता?"

"कादंबरीले पाहिजे ते."

"मंग कादंबरीलेच सांगा आज पोळ्या लाटाले!"

आई वाचली. कादंबरी छापून आली. प्रकाशक माझ्याजवळ हळहळले, "आई गेली असती ना, तर पुरस्काराला चान्स होता." मी हे वहिनींना सांगायला नको होतं. सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याइले मना, पुरस्कारासाठी आपापल्या माया मारा. आमची राहू द्या."

*

आता रोवणीचं गाणं.

धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, चिखलात रोवताना बायका ओळीने वाकतात आणि मागे मागे सरकत जातात. रोवलेलं समोर राहतं, पाय मोकळ्या चिखलात. आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून कुणाच्याच लक्षात येत नाही. वासुभाऊंच्याही आलं नव्हतं.

अड्याळच्या रोवणीच्या टोळीची म्होरकी रुखमामावशी. जीभ विळ्यासारखी. वासुभाऊंनी तिला एक गाणं करून दिलं. दुसऱ्या दिवशी परत.

"जमत नाही."

"काहून? शब्द बरे नाहीत?"

"शब्द बरे आहेत. पण हे गाणं रस्त्यानं चालते, वासुभाऊ. आमी चिखलात मागं सरतो. तुमच्या गाण्यावर पाय टाकला तं बाई पऱ्ह्यावर पडन."

दुसरी चाल केली, तीही परत. तिसरी घेऊन गेले तेव्हा मावशीने ऐकूनही घेतली नाही. पऱ्ह्यांची जुडी त्यांच्या हातात दिली. "उतरा बांधीत."

तीन कादंबऱ्यांचा लेखक पँट गुडघ्यावर दुमडून धानाच्या शेतात उतरला. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा होतो, आणि खरं सांगतो, फोटो काढायला मोबाईल बाहेर काढलाही होता. तिसऱ्या पावलाला पाय चिखलातून निघेना आणि वासुभाऊ पाण्यात बसले. बायका हसून हसून जुड्यांसकट वाकल्या.

मावशी मात्र हसली नाही. "आता समजलं? पाय निघाले जितका वेळ लागते, तितका वेळ गाण्यानं थांबलं पाहिजे."

तसेच चिखलाने माखलेले वासुभाऊ घरी गेले आणि पेटीला बसले. वहिनींनी बादली आणून बाजूला ठेवली. चौथी चाल आली ती अशी : 'हात पुढं गा माय, पाय मागं, आभाळ मधात.' 'पाय मागं' म्हटलं की गाणं थांबतं. पाय निघतो. मग 'आभाळ मधात'. वाकलेल्या बाईला हाताच्या आणि पायाच्या मधात पाणीच दिसतं, आणि त्या पाण्यात आभाळ.

त्या हंगामात अड्याळच्या बांध्यांत हेच गाणं. पुढच्या हंगामात ते दिघोरीत ऐकू आलं, मग एकोडीत. आणि मी पाणावलेल्या डोळ्यांनी बातमी केली : 'पारंपरिक गीतांच्या सुरांत रोवणीला वेग.'

डेस्कने नाही लिहिलं ते. मी लिहिलं. माझ्या नावानिशी. 'पारंपरिक' हा शब्द हाताला इतका सवयीचा की पेन आपोआप वळलं. धुऱ्यावर उभं राहून गाणं जन्मताना पाहिलेला माणूस मी!

वासुभाऊंनी बातमी वाचली, घडी केली आणि म्हणाले, "पत्रकारभाऊ, पारंपरिक म्हणजे गाणं जिवंत आन् करणारा मेला. तुमी तं मले मारूनच टाकलं!"

हसून सोडून दिलं त्यांनी. मीही दुरुस्ती छापली नाही. ही चूक नुसत्या हसण्यावर भागणार नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

*

एकोडीचा किस्सा छोटासा आहे, पण वहिनी अजून चिडतात.

नातेवाईकाकडे जाताना एकोडीच्या शिवारात दोघे सावलीला थांबले. बांधीत बायका तेच गाणं म्हणत होत्या. वासुभाऊही हळूच गुणगुणायला लागले. धुऱ्याजवळच्या एका बाईने कान टवकारले.

"अवो भाऊ, चुकून राहिले तुमी. असं नाही होय ते. शहरातले दिसता. ऐका!" आणि तिने त्यांच्याकडून त्यांचंच गाणं तीनदा घोटून घेतलं. शेवटी म्हणाली, "हां, आता बरं आहे. येईन हळूहळू."

रस्त्याला लागल्यावर वहिनी भडकल्या. "तोंड शिवलं होतं का? सांगाचं ना, मीच केलं मनून!"

"कसा सांगू? तिनं शेवटी एक कडवं वाढवलं आहे. मह्यापेक्षा चांगलं आहे थे."

*

चौथ्या कादंबरीत वासुभाऊंनी हे गाणं घातलं. रोवणी करणाऱ्या बायांचीच कादंबरी ती. एकोडीच्या बाईचं कडवंही घेतलं आणि खाली लिहिलं, 'हे कडवं एकोडीच्या एका बाईचं, नाव विचारायचं राहिलं.' इतका सरळ माणूस.

कादंबरी एका संस्थेच्या पुरस्काराच्या यादीत गेली, आणि तिथे एका साहेबांच्या हाती पडली. लोकगीतांचे मोठे अभ्यासक. पदव्या नावापेक्षा लांब. त्यांनी समितीला पत्र दिलं : लेखकाने शेकडो वर्षांचं पारंपरिक गीत स्वतःच्या नावावर खपवलं आहे, ही लोकधनाची चोरी आहे. समितीने कादंबरी यादीतून काढली. प्रकाशकाने छपाईला निघालेली दुसरी आवृत्ती थांबवली आणि निरोप धाडला, गाण्याखाली 'पारंपरिक' असं छापू द्या, प्रकरण मिटवून टाकू.

मी प्रकाशकाला फोन केला. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एकच विचारत होता, "पुरावा काय आहे तुमच्याकडे? रेकॉर्डिंग? स्वरलिपी? काही लेखी?"

काहीच नव्हतं. चाल कागदावर लिहायची असते हे वासुभाऊंना कधी सुचलंच नाही. रुखमामावशी म्हणाली, "मी सांगतो ना, माह्या समोर केलं." प्रकाशक म्हणाला, लेखी हवं. मावशीने मला विचारलं, "लेखी खोटं राहत नाही का?" विचारलं तेही मलाच. माझाच धंदा तो.

मिल चालू होती, पण वासुभाऊ लिहीत नव्हते. टोपली उलटी पडलेली, वर वही नाही. मी म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता? पुढच्या कादंबरीला मिळेल पुरस्कार."

"पुरस्काराचं नाही गा," ते म्हणाले. "लोक इथं धान टाकून घरी जातात. पोते मोजत नाहीत, तांदूळ मोजत नाहीत. वासुभाऊ आहे ना, मनतात. उद्या त्याइच्या कानावर गेलं, हा चोर आहे, तं मी या मिलात कसा बसू?"

पट्टा फिरत होता. काळी एकचा सूर लागलेला होता. पहिल्यांदाच त्यावर कुणी काही म्हणत नव्हतं.

*

आणि आता तो दिवस.

त्याच साहेबांचा भंडाऱ्यात कार्यक्रम होता. दुपारी दोन वाजता. विषय : हरवत चाललेली रोवणीगीतं. वासुभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं. मी बोलावलं. मिलच्या पिकअपमध्ये वासुभाऊ, वहिनी, रुखमामावशी, पांडू आणि मी. वासुभाऊंच्या मांडीवर पेटी.

"पेटी कायले घेतली?" पांडूने विचारलं.

"गाणं मनाले लावलं तं लागन ना," वासुभाऊ म्हणाले. एवढाच त्यांचा बेत. गाणं म्हणायला लावतील, आपण म्हणू.

कार्यक्रम सुरू झाला. हिरव्या नऊवारीतल्या बारा मुली स्टेजवर आल्या, हातात प्लॅस्टिकचे पऱ्हे. 'हात पुढं गा माय' सुरू झालं आणि त्या वाकून, ठेक्यात, पुढे पुढे चालू लागल्या.

आमच्या रांगेतून रुखमामावशी उभी राहिली.

"अवो पोरींनो, मागं सरा! सारे पऱ्हे तुडवून राहिल्या ना तुमी!"

हॉल खदखदला. साहेब मंद हसले, मुलींना आत पाठवलं आणि माईक घेतला. म्हणाले, हे गीत किती प्राचीन आहे याचे दोन पुरावे देतो, कारण अलीकडे एका गृहस्थांनी ते आपलं असल्याचा दावा केला आहे.

पहिला पुरावा पडद्यावर आला. कात्रण. 'पारंपरिक गीतांच्या सुरांत रोवणीला वेग.' खाली माझं नाव, हे एवढं मोठं!

मी ताडकन उठलो. "ती चूक माझी आहे! मी समोर उभा होतो, गाणं तेव्हाच केलेलं होतं!"

साहेब म्हणाले, "तेव्हा तुम्ही पत्रकार म्हणून खरं लिहिलंत. आज मित्र म्हणून बोलताय."

आयुष्यभर मी लोकांना त्यांचीच जुनी विधानं दाखवून गप्प केलं. त्या दिवशी ते कसं लागतं ते समजलं. मी बसलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दुसरा पुरावा संगीतातला आहे, आणि तो निर्णायक आहे," साहेब पुढे म्हणाले. "या गाण्यात म हा सूर नाही. मी तालुक्या-तालुक्यांतून ऐकलं. सा, रे, ग, आणि मग थेट प. म कुठेही नाही! आजचा कुठलाही संगीतकार असा हाताशी असलेला सूर सोडणार नाही. हे टाळणं शेकडो वर्षांच्या लोकमानसातून येतं. ही आदिम खूण आहे."

टाळ्या झाल्या. वासुभाऊ उठले. पेटी काखेत घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढले. कुणी अडवलं नाही, कारण ते इतक्या सावकाश चढले की लोकांना वाटलं सत्कार असेल.

"साहेब, म नाही हे बरोबर आहे," ते म्हणाले.

हरला हा माणूस, मला वाटलं.

त्यांनी पेटी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. "मी काळी एकचा सा धरतो. मंग म कुठं येईन जी?"

साहेबांना पेटी येत होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "काळी तीन," ते म्हणाले.

"दाबा ना. मी भाता मारतो."

साहेबांनी दाबली.

फुस्स.

माईक चालू होता. हॉलभर फुस्स. साहेबांनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा दाबली. फुस्स. शेजारची दाबली, ती ठणठणीत बोलली. मग तिसऱ्यांदा काळी तीन, दोन बोटांनी, जोर लावून.

तेवढ्यात मागच्या रांगेतून पांडू उठला. हातातली पुडी घाईघाईने खिशात कोंबली आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"साहेब, जोर नका लावू जी! आदिम-बिदिम काही नाही. थे माही सुपारी होय!"